पंगत उठायच्या आत

२९ डिसेंबर २०१९. फ्लोरिडातल्या टँपाच्या रेमंड जेम्स स्टेडियममध्ये मी यजमान संघाच्या बाकांच्या बरोबर मागे बसलो होतो. अमेरिकन फुटबॉलची लीग, टँपाच्या बक्कनिअर्सचा मोसमातला शेवटचा सामना, समोर अटलांटा फाल्कन्स. साठ मिनिटं संपली तेव्हा २२-२२ अशी बरोबरी होती. जादा वेळ सुरू झाला, चेंडू टँपाकडे आला आणि डिफेन्सची, म्हणजे बचावाची, माणसं बाकावर टेकली. माझ्या समोरच्या एकाने हेल्मेट काढून मांडीवर उलटं ठेवलं होतं आणि आतला घाम तो टॉवेलने टिपत होता, एखाद्या पातेल्याचा तळ पुसावा तसा. जादा वेळेतली पहिलीच खेळी. क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टनने चेंडू फेकला, फाल्कन्सच्या डिऑन जोन्सने तो मध्येच पकडला आणि सत्तावीस यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं, म्हणजे टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, चेंडू नेऊन सहा गुण मिळवले. २८-२२. खेळ खलास. लोकांचा आवाज ऐकून समोरच्या माणसाने मान वर केली. हेल्मेट तसंच मांडीवर होतं. जादा वेळेत त्याला मैदानावर पाय ठेवायलाच मिळाला नाही आणि तरी तो हरला होता.

फेकलेला चेंडू असा समोरच्याने पकडला की त्याला इंटरसेप्शन म्हणतात. विन्स्टनचं त्या मोसमातलं ते तिसावं. फेकलेला चेंडू पकडून प्रतिस्पर्ध्याने थेट टचडाउन करण्याची सातवी वेळ.

टीव्हीवर त्या रात्री सगळी चर्चा विन्स्टनची झाली. तेहतीस टचडाउन आणि तीस इंटरसेप्शन एकाच मोसमात, असं लीगच्या इतिहासात पूर्वी कधी घडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र ते मांडीवरचं हेल्मेट हलेना. मी मूळचा सांगलीकडचा. कॉलेजात आणि पुढे क्लबकडून चार-पाच वर्षं नवा चेंडू टाकलेला माणूस. बाकावर बसलेल्या माणसाकडे आधी बघायची माझी सवय तिथली आहे.

त्या वर्षी दिवाळीपासून आई आमच्याकडे आली होती. दर रविवारी मी सामना लावला की ती शेंगा सोलायला, नाहीतर लसूण निवडायला घेऊन शेजारी येऊन बसायची. खेळातलं तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. तीन-चार रविवार गेल्यावर एकदा म्हणाली, "अरे, ही जाडजूड माणसं आत्ताच बाहेर गेली होती ना? लगेच परत आली?" मी सांगितलं, आपल्या बाजूच्याने चेंडू गमावला, म्हणून यांना परत यावं लागलं. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "म्हणजे पहिली पंगत उठायच्या आत दुसरी बसवली की. वाढणाऱ्यांनी करायचं काय?"

अमेरिकन फुटबॉल मी अनेकांना समजावून सांगितला आहे, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

या खेळात एका संघाची दोन घरं असतात. चेंडू आपल्याकडे असला की चढाईचे अकरा जण मैदानात आणि बचावाचे अकरा जण बाकावर. चेंडू गेला की उलट. चढाई करणाऱ्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. नाही जमलं तर बहुतेक वेळा चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने लांब उडवून देतात, त्याला पंट म्हणतात. चेंडू जातोच, पण चाळीस-पंचेचाळीस यार्ड लांब जातो, आणि समोरच्याला तेवढी जमीन पुन्हा चालून यावी लागते. क्वार्टरबॅक हा चढाईचा सूत्रधार. चेंडू त्याच्या हातात आला की अडीच-तीन सेकंदांत ठरवायचं असतं: फेकायचा की धावणाऱ्याच्या हाती द्यायचा, जवळ फेकायचा की लांब, की सरळ सीमारेषेबाहेर भिरकावून द्यायचा. ते अडीच-तीन सेकंद तो एकटाच जगतो. त्याचा हिशेब मात्र बाकावरचे अकरा जण चुकवतात. यात घड्याळही आलंच. धावणारा मैदानाच्या आत पडला तर घड्याळ चालू राहतं, फेकलेला चेंडू कोणाच्याच हाती न लागता जमिनीवर पडला तर थांबतं. तीन फेकी वाया घालवणारा क्वार्टरबॅक मिनिटभराच्या आत आपल्या डिफेन्सला पुन्हा उन्हात उभं करतो. तेवढ्यात पाण्याची बाटलीसुद्धा निम्मी रिकामी होत नाही.

मिरजेच्या मैदानावरचा एक दोन दिवसांचा सामना मी अजून विसरलेलो नाही. मार्च महिना, काथ्याची मॅट, कडेला एकच कडुलिंब. समोरच्यांना आम्ही १८० च्या आसपास गुंडाळलं. मी एकोणीस षटकं टाकली होती आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. बूट काढले, मोजे पिळून फांदीवर टाकले, पाय बादलीत सोडले. नवा चेंडू माझ्याबरोबर टाकणारा मित्र तर चटईवर आडवाच झाला. आमचा सलामीवीर गावात नावाजलेला फटकेबाज, मनाने दिलदार, आम्हा सगळ्यांचा लाडका. पहिल्या षटकात त्याने दोन चौकार मारले, आम्ही बसल्या जागेवरून टाळ्या वाजवल्या. तिसरा तसाच मारायला गेला आणि झेल देऊन परतला. त्याच्यामागून सगळे तसेच. चौदा षटकांत ४१ वर आम्ही संपलो. फांदीवरचे मोजे अजून ओले होते, ते तसेच चढवले.

संध्याकाळपर्यंत माझा रनअप आठ पावलांनी कमी झाला होता. आडवा झालेला मित्र स्लिपला उभा होता, त्याच्याकडे गेलेला साधा झेल सुटला, कारण त्याचे गुडघे वाकायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या, त्यात गोलंदाजांची दुसऱ्या डावातली कामगिरी निराशाजनक ठरली असं छापलं होतं. ती बातमी वाचून मला काय वाटलं, ते आज पंचवीस वर्षांनीही नीट सांगता येणार नाही. राग फटकेबाजाचा आला नव्हता. राग त्या वाक्याचा आला होता.

म्हणूनच २०१९ च्या टँपाच्या डिफेन्सबद्दल लोक बोलायला लागले की मला गप्प बसवत नाही. त्या मोसमात बक्कनिअर्सनी १६ सामन्यांत ४४९ गुण दिले. लीगच्या यादीत हा आकडा तळाकडे होता आणि डिफेन्स भिकार आहे असं सगळे सर्रास म्हणत. याच डिफेन्सविरुद्ध धावून यार्ड मिळवणं अख्ख्या लीगमध्ये सगळ्यांत कठीण होतं. याच डिफेन्समधल्या शकील बॅरेटने १९.५ सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं, त्या वर्षी सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. ४४९ मधले किमान ४२ गुण तर त्या सात इंटरसेप्शनवर गेले, म्हणजे डिफेन्स बाकावर असताना. ते गुण डिफेन्सच्या नावावर जमा कसे धरायचे? पण तक्त्यात ते तसेच धरले जातात. उरलेल्या तेवीस इंटरसेप्शनच्या वेळी डिफेन्सला उठावं लागलं, आणि बऱ्याचदा अशा जागी उभं राहावं लागलं जिथे प्रतिस्पर्ध्याला टचडाउन करायची गरजही नसते, दोन पावलं पुढे येऊन फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून घातला, की तीन गुण मिळतात.

विन्स्टनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो. त्या मोसमात त्याने ५,१०९ यार्डांच्या पास फेकल्या, लीगमध्ये सर्वांत जास्त. प्रशिक्षक ब्रूस एरियन्स यांची पद्धतच लांब फेकीची, जोखीम घेण्याची. विन्स्टनला वाटायचं की प्रत्येक खेळीतून काहीतरी निघतंच. ती श्रद्धा वाईट नाही, उलट तिच्यात मोठं धाडस आहे. त्या वर्षी त्याला ४७ वेळा चेंडूसकट पाडलं गेलं, कारण तो शेवटपर्यंत वाट बघायचा: कुणीतरी मोकळा होईल, काहीतरी घडेल. आमचा फटकेबाज अगदी असाच होता. समोर काहीच नाही हे ओळखून चेंडू सोडून देणं त्याला हार मानल्यासारखं वाटायचं.

मार्च २०२० मध्ये विन्स्टनच्या जागी टॉम ब्रेडी टँपाला आला. वय बेचाळीस, मोसमाच्या आधी त्रेचाळीस होणार. प्रशिक्षक तेच एरियन्स. डिफेन्सचे प्रमुख तेच टॉड बोल्स. बॅरेट, लाव्हॉन्टे डेव्हिड, जेसन पिअर-पॉल, एन्डामुकन्ग सू, व्हिटा व्हिया, डेव्हिन व्हाइट, बरीचशी माणसंही तीच. त्या मोसमात दिलेले गुण ३५५ झाले. चौऱ्याण्णव गुण कमी.

याचं सगळं श्रेय ब्रेडीला देणं चूक होईल. मागच्या फळीतली पोरं २०१९ मध्ये नवखी होती, वर्षभरात ती मुरली. अँटोइन विनफिल्ड ज्युनियर हा नवा सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागचा रक्षक, पहिल्याच वर्षी चांगला निघाला. तरीही दोन आकडे मी पुन्हा पुन्हा शेजारी ठेवून बघतो. विन्स्टनने ६२६ वेळा चेंडू फेकला होता, ब्रेडीने ६१० वेळा. जवळजवळ तेवढाच. म्हणजे ब्रेडी जपून, हात आखडून खेळला असं म्हणता येत नाही. लांब फेकीची तीच पद्धत त्यानेही चालवली आणि ४० टचडाउन फेकले. पण इंटरसेप्शन तीसऐवजी बारा, आणि पाडलं जाणं ४७ ऐवजी २१. समोर काही नाही असं दिसलं की तो चेंडू धावणाऱ्याच्या पायाशी आपटून टाकायचा, जिथे कुणाच्याच हाती लागणार नाही. पडद्यावर ती खेळी फार वाईट दिसते, प्रेक्षक उसासा टाकतात. बाकावर बसलेल्या माणसाला मात्र त्या आपटलेल्या चेंडूतून आणखी एक खेळी बसायला मिळते, आणि मग पंट झाला तरी समोरचा सत्तर यार्ड लांब असतो.

नुसतं संथ खेळलं म्हणजे डिफेन्सला विसावा मिळतो, असा एक समज आहे. त्याला आधार म्हणून सगळे एका सामन्याचं नाव घेतात आणि तो सामनाही आमच्याच गावात, जुन्या टँपा स्टेडियममध्ये झाला: २७ जानेवारी १९९१, जायंट्स विरुद्ध बिल्स. बिल्सचा जिम केली हा त्या काळातला सर्वांत घाईचा क्वार्टरबॅक. दोन खेळ्यांच्या मध्ये सगळे गोल करून उभे राहतात, ठरवतात, मग रांगेत येतात, ही रीतच केलीने मोडली होती. ठरवायचं ते रांगेत उभं राहूनच. समोरच्या डिफेन्सला माणसं बदलायला, श्वास घ्यायला सवड मिळत नसे आणि बिल्स गुणांचा पाऊस पाडत. पण ही घाई दुधारी होती. केली दोन मिनिटांत टचडाउन करायचा आणि दोन मिनिटांनी त्याचाच डिफेन्स पुन्हा उठायचा.

जायंट्सचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक फिल सिम्स जखमी होता. त्याच्या जागी जेफ हॉस्टेटलर, वर्षानुवर्षं बाकावर बसलेला माणूस. मला वाटतं, बाकावरून मैदान कसं दिसतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या अर्धात चेंडू मिळाल्यावर त्याने एकच चढाई नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद चालवली. तिच्यात तिसऱ्या प्रयत्नाला तेरा यार्ड हवे असताना मार्क इन्ग्रमने छोटीशी पास घेतली आणि चार-पाच जणांच्या हातांतून सुटत, वळत, अडखळत चौदा यार्ड काढले. टचडाउन झालं. मध्यंतराचा वेळ धरला तर केली बराच वेळ नुसता बसून होता. साठ मिनिटांपैकी चेंडू जायंट्सकडे ४० मिनिटं ३३ सेकंद राहिला, बिल्सकडे १९ मिनिटं २७ सेकंद. शेवटी स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरची किक उजवीकडून बाहेर गेली आणि जायंट्स २०-१९ ने जिंकले. सगळ्यांना ती किक आठवते. बिल्सच्या डिफेन्सने ती चाळीस मिनिटं कशी काढली, हे फारसं कुणी विचारत नाही.

पण संथपणा हेच औषध असेल, तर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचं काय करायचं? २१ सप्टेंबर २००९ ला मायामीत डॉल्फिन्सनी चेंडू ४५ मिनिटं ७ सेकंद स्वतःकडे ठेवला. मॅनिंगच्या कोल्ट्सना मिळाली जेमतेम १४ मिनिटं ५३ सेकंद. पहिल्याच खेळीत मॅनिंगने ८० यार्डांचं टचडाउन फेकलं, आणि शेवटी कोल्ट्स २७-२३ ने जिंकले. मायामीच्या दमट हवेत त्यांच्या डिफेन्सचे हाल झाले असतील यात शंका नाही. पण कोल्ट्सचा तो डिफेन्स घडवलाच होता मॅनिंगच्या हिशेबाने. ड्वाइट फ्रीनी आणि रॉबर्ट मॅथिस हे कडेचे दोघे आकाराने लहान, पण विजेसारखे चपळ. मॅनिंग आघाडी घेऊन देणार, मागे पडलेला प्रतिस्पर्धी नाइलाजाने पास फेकणार आणि मग हे दोघे त्याच्यावर तुटून पडणार, अशी सगळी मांडणी. त्याची किंमतही होती: २००६ च्या मोसमात धावणाऱ्यांना अडवण्यात हा डिफेन्स लीगमध्ये शेवटचा होता. तरीही त्याच मोसमाअखेर ते सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले. क्वार्टरबॅक कसा आहे यावर डिफेन्समध्ये माणसं कोणती घ्यायची, हेही ठरतं. घरात पाहुणे किती आणि कसे येतात, त्यावर ओटा केवढा बांधायचा ते ठरतं, तसं.

याची दुसरी बाजू ५ फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये, ह्युस्टनला दिसली. न्यू इंग्लंडविरुद्ध अटलांटाकडे २८-३ अशी आघाडी होती. तिथून ते जादा वेळेत हरले, ३४-२८. त्यांचा क्वार्टरबॅक मॅट रायन त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि त्याचा संघ सगळा मोसम जसा धडाकेबाज खेळला तसाच तो शेवटपर्यंत खेळत राहिला. आठ गुणांची आघाडी, चार मिनिटांच्या आसपास वेळ, चेंडू फील्ड गोलच्या टप्प्यात. तीन वेळा धावून घड्याळ जाळायचं आणि किक मारायची, एवढंच उरलं होतं. रायन पास फेकायला मागे सरकला आणि बारा यार्ड मागे पाडला गेला. थोड्या वेळाने पंट मारावा लागला. त्या सामन्यात न्यू इंग्लंडने ९३ खेळ्या खेळल्या, अटलांटाने ४६. दीडशे किलोच्या आसपासची माणसं ९३ वेळा तशाच वजनाच्या माणसांवर आदळली. जादा वेळेत अटलांटाच्या डिफेन्सच्या खेळाडूंचे हात कमरेवर होते. ती खूण मला चांगली ओळखीची आहे. आठ पावलांनी कमी झालेला रनअप आणि कमरेवरचे हात, दोन्हींत फरक नाही.

डिसेंबर २०२० मधला एक शुक्रवार. रात्री बाराच्या पुढे मी ॲडलेडची कसोटी लावून बसलो होतो. भारत सर्वबाद ३६. एकवीस षटकं आणि दोन चेंडू. आदल्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाला १९१ वर रोखणारे आपले गोलंदाज दोन तासांत पुन्हा बूट बांधत होते, आणि फलंदाजी करताना चेंडू लागून शमीचा हात मोडला होता. मी टीव्ही बंद केला. दोन दिवसांनी, रविवारी, टँपा अटलांटामध्ये खेळत होती आणि मध्यंतराला ०-१७ अशी मागे होती. दुसऱ्या अर्धात ब्रेडीने चढाईमागून चढाई लांबवत नेली, चेंडू गमावला नाही, आणि ज्या डिफेन्सने पहिल्या अर्धात सतरा गुण दिले होते त्याने दुसऱ्यात दहाच दिले. ३१-२७. माणसं तीच होती. दोन अर्धांमध्ये बाकावर किती बसायला मिळालं, एवढाच मला फरक दिसला. आणखीही कारणं असतील, जाणकार सांगतील. मी गोलंदाज आहे, मला हेच दिसतं.

सुपर बोल ७ फेब्रुवारी २०२१ ला आमच्याच रेमंड जेम्समध्ये होता. स्वतःच्या मैदानावर सुपर बोल खेळणारा टँपा हा पहिला संघ. करोनामुळे पंचवीस हजारच्या आसपास माणसांनाच आत सोडलं होतं, मी घरीच होतो. समोर कॅन्सस सिटी आणि त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. मध्यंतराला २१-६. त्या आघाडीनंतर महोम्सला फेकण्यावाचून पर्याय उरला नाही. त्याचे कडेचे दोन्ही रक्षक दुखापतीमुळे बाहेर होते. टँपाचे पुढचे चौघे ताजेतवाने होते, त्यांनी त्याला मैदानभर पळवलं. कॅन्सस सिटीला एकही टचडाउन करता आलं नाही. ३१-९. शेवटी एंड झोनमध्ये महोम्सचा चेंडू डेव्हिन व्हाइटने पकडला आणि ब्रेडी गुडघा टेकून घड्याळ संपवायला आला. कॅमेरा काही क्षण बाकांवरून फिरला. सगळ्यांची हेल्मेट काढलेली होती. कुणी मांडीवर ठेवली होती, कुणी जमिनीवर, आणि एकजण दोन्ही पाय लांब सोडून पाठ मागे टेकून बसला होता, ओसरीवर बसावं तसा.

इकडे रात्रीचे सव्वादहा वाजले होते, सांगलीत सोमवारची सकाळ. नऊच्या आत आईचा फोन आला. तिने कुठेतरी बातमी ऐकली होती.

"जिंकली ना तुमची?"

"जिंकली."

"आणि ती जाडजूड माणसं? त्यांना बसायला मिळालं का आज?"

मिळालं, म्हटलं. अजून बसलेलीच आहेत.